हेमाडपंताचीं देवळें

मराठवाड्यांतील कोणत्याही जुन्या गांवीं जावें, गांवाबाहेर चिंचेच्या सावलींत उभें असलेलें काळ्या दगडाचें एखादें पडकें देऊळ पाहावें, आणि जो पहिला गृहस्थ भेटेल त्यास 'हें कोणीं बांधलें?' म्हणून विचारावें. उत्तर ठरलेलें आहे. देगलूरजवळच्या होट्टलला विचारा, निलंग्यास विचारा, औंढ्याच्या नागनाथाच्या आवारांत विचारा. 'हेमाडपंतानें' हेंच उत्तर मिळेल. थोडी वृद्ध स्त्री भेटली तर ती पुढें असेंही सांगेल कीं, हें काम एका रात्रींत झालें, कोंबडा आरवला आणि कळस तेवढा राहून गेला. आणि ही कीर्ति मराठवाड्यापुरतीच नाहीं. खानदेशांत, वऱ्हाडांत, सिन्नरास, थेट कोंकणांत अंबरनाथापर्यंत हाच मनुष्य हातांत ओळंबा घेऊन पुढें गेलेला आढळतो.

लंडन शहर इ. स. १६६६ मध्यें जळाल्यावर क्रिस्टोफर रेन यानें तेथें सेंट पॉलचें मंदिर आणि सुमारें पन्नास लहानमोठीं प्रार्थनामंदिरें उभारलीं, आणि तेवढ्यावर इंग्रज लोक आजवर अभिमानानें बोलत आले आहेत. तुर्कांच्या सिनान नांवाच्या स्थपतीच्या नांवावर तीनशेंहून अधिक कामें मोजतात. पण त्यानें आपल्या म्हातारपणीं एका कविमित्राकडून त्यांच्या याद्या लिहवून ठेविल्या होत्या. आमच्या हेमाडपंतानें अशी यादी ठेविली नाहीं. ती लोकांनींच केली, आणि सातशें वर्षें तींत भर घालीत आले. एका माणसाच्या आयुष्यांत इतकें काम मावतें कसें, हा प्रश्न मात्र फारसा कोणीं विचारला नाहीं.

आम्हींही तो विचारला नव्हता, हें येथें कबूल केलें पाहिजे. वीस-बावीस वर्षांपूर्वीं एका व्याख्यानांत निलंग्याच्या नीलकंठेश्वराचें वर्णन करतांना आम्हीं हेमाद्रीच्या कल्पकतेची बरीच स्तुति केली. व्याख्यान संपल्यावर एक निवृत्त शाळामास्तर जवळ आले आणि अत्यंत नम्रपणें म्हणाले, "सर, यादवांचं राज्य या भागात येण्याआधी इथं राज्य कुणाचं होतं?" आम्ही म्हणालों, कल्याणीच्या चालुक्यांचें. "मग त्यांनी देवळं बांधलीच नाहीत का?" एवढेंच विचारून ते गृहस्थ निघून गेले. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं असें नाहीं; पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही या विषयाचीं पुस्तकें नव्यानें उघडूं लागलों, आणि पुढें विद्यार्थ्यांना घेऊन देवळांचे उंबरेही झिजवूं लागलों. हा लेख म्हणजे त्या मास्तरांस उशिरानें दिलेलें उत्तर आहे.

प्रथम हेमाडपंत कोण, तें पाहूं. हा कल्पित पुरुष नव्हे. वत्सगोत्री ब्राह्मण, कामदेवाचा पुत्र, देवगिरीच्या महादेव यादवाचा (इ. स. १२६१ ते १२७१) श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या सर्व दफ्तराचा मुख्य. महादेवामागून रामचंद्रदेव गादीवर आला तेव्हांही त्याचा अधिकार कायम राहिला, इ. स. १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटांत त्याच्या नांवापुढें श्रीकरणाबरोबर हत्तींच्या पथकाचें आधिपत्यही जोडलेलें आहे. दफ्तर, हत्ती आणि शिवाय ग्रंथलेखन! त्याचा 'चतुर्वर्गचिन्तामणि' हा ग्रंथ म्हणजे धर्मशास्त्राचा एक महासागर आहे. व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष असे त्याचे खंड. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनें गेल्याच्या आधींच्या शतकांत त्यांपैकीं जे छापले त्यांचेंच ओझें एका माणसास उचलणें कठीण. यांतील व्रतखंडाच्या आरंभीं यादवांची जी राजप्रशस्ति आहे, तिच्याच आधारें डॉ. भांडारकरांनीं आपल्या दक्षिणच्या इतिहासांत यादववंशाची मांडणी केली. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नांवाची टीका हेमाद्रीचीच. 'मुग्धबोध' व्याकरणाचा कर्ता बोपदेव हा त्याच्याच आश्रयाखालचा. एकंदरींत मनुष्य मोठा होता. त्याचें मोठेपण सिद्ध करण्यास देवळांची गरज नाहीं.

परंतु एवढ्या लिहित्या माणसानें मंदिराच्या बांधणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिल्याचें प्रसिद्ध नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. देवतांच्या मूर्ति कशा असाव्या याविषयीं जुन्या ग्रंथांतील वचनें त्यानें भरपूर गोळा केलीं आहेत, आणि मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांस तीं आजही उपयोगीं पडतात. मूर्तीला हात किती, आयुधें कोणतीं, दान कोणत्या तिथीस द्यावें, हें तो सांगतो. पाया किती खोल घ्यावा हें सांगणें त्याचें काम नव्हतें. तें ज्याचें काम होतें तो त्या वेळीं खाणीवर उभा होता.

आतां काळाचा हिशेब. अंबरनाथच्या देवळांतील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. तेव्हां कोंकणांत शिलाहार राज्य करीत होते. हेमाद्रि श्रीकरणाच्या गादीवर बसला त्याच्या आधीं दोनशें वर्षें हें देऊळ उभें होतें. आणि हें कांहीं चांचपडत केलेलें पहिलें काम नव्हे. ज्या शिखरपद्धतीस शिल्पशास्त्रांत 'भूमिज' म्हणतात, म्हणजे चारी दिशांस खालपासून वरपर्यंत चार पट्टे आणि त्यांच्या मधल्या जागेंत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक चढत गेलेल्या, ती पद्धति येथें पूर्ण वयांत आलेली दिसते. त्याच सुमारास माळव्यांत उदयादित्य परमारानें उदयपूरचें उदयेश्वराचें देऊळ बांधलें; तेंही भूमिजच. म्हणजे जी रीत हेमाडपंतानें काढली असें आम्ही म्हणतों, ती त्याच्या पणज्याच्या जन्मापूर्वीं नर्मदेच्या दोन्ही तीरांवर रूढ होती.

आमच्या नांदेड-लातूरच्या बाजूस तर हा प्रकार अधिकच स्पष्ट आहे. लातूर हें जुनें लट्टलूर; 'लट्टलूरपुरवराधीश्वर' हें बिरुद राष्ट्रकूट आणि पुढें सौंदत्तीचे रट्ट अभिमानानें मिरवीत. कंधार हें राष्ट्रकूटांच्या वैभवाचें गांव. राष्ट्रकूटांमागून चालुक्य आले, आणि अकराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पहिल्या सोमेश्वरानें कल्याणी ही आपली राजधानी केली. आतां नकाशा समोर घ्यावा. निलंग्याहून कल्याणी म्हणजे बैलगाडीनें एका दिवसाची वाट. देवगिरी मात्र तेथून दीडशें मैलांहूनही दूर. भिल्लम यादवानें कल्याणी घेतली आणि देवगिरीचा पाया घातला तो बाराव्या शतकाच्या अखेरीस. त्यापूर्वीं सव्वाशें वर्षें या मुलखाचे डोळे कल्याणीकडे लागलेले होते. गवंडी तिकडून येत, आणि नवी तऱ्हाही तिकडूनच येई. निलंग्याच्या नीलकंठेश्वरास एका सभामंडपाभोंवतीं तीन गाभारे आहेत, आणि बाहेरची भिंत सरळ न जातां ताऱ्याच्या कोनांप्रमाणें आंतबाहेर वळत जाते. हे तीन गाभारे, ही तारकाकृति, ही भिंतीवरच्या सुरसुंदरींची रांग, हीं सारीं कर्नाटकाकडील नातलगांचीं चिन्हें आहेत. होट्टलच्या सिद्धेश्वराची गोष्ट तर याहून उघड; त्या गांवीं चालुक्यांच्या काळचे शिलालेखच आहेत. दगड बोलत असतां आम्ही दंतकथा ऐकत बसलों.

एवढ्यावरून वाचकांच्या ध्यानीं येईल कीं, 'हेमाडपंती' हें एका शैलीचें नांवच नव्हे. सिन्नरचा गोंदेश्वर आणि निलंग्याचा नीलकंठेश्वर हे दोघे भाऊ नव्हेत. फार तर एका गांवांत राहणारे शेजारी होत. एकाचें माहेर माळव्याकडे, दुसऱ्याचें कल्याणीकडे. काळा दगड आणि चुन्याशिवाय केलेली जोडणी, एवढें साम्य दिसलें कीं लोक दोघांनाही एकच आडनांव लावतात. देगलूरच्याच घराण्यांतील डॉ. गो. बं. देगलूरकर यांनीं महाराष्ट्रांतील मंदिरांचा जो पद्धतशीर अभ्यास केला, आणि इतर विद्वानांनीं मराठवाड्यांतील देवळांवर जें लिहिलें, त्यांतून हा भेद आतां चांगला उलगडला आहे. परंतु विद्वानांचें पुस्तक आणि एस. टी. स्टँडावरची पाटी यांची भेट आपल्याकडे क्वचितच होते.

चुन्याशिवाय जोडणी म्हणजे काय, याविषयीं मात्र थोडें थांबून लिहावेंसें वाटतें. कारण खरी थोरवी येथें आहे, आणि ती हेमाडपंताच्या नांवाखालीं झांकली गेली आहे. या देवळांत कमान नाहीं. खांबावर तुळई, तुळईवर शिळा, एवढाच हिशेब. दगड ताणास दुबळा आणि दाबास बळकट, हें त्या पाथरवटांस पुस्तकावांचून ठाऊक होतें. म्हणून खांबांमधलें अंतर त्यांनीं बेताचें ठेविलें. तें अंतरही छतास एका शिळेनें झांकणें अवघड; तेव्हां चौकोनी खणाच्या चार कोपऱ्यांवर तिरपे चार दगड ठेवीत, त्यामुळें मधली पोकळी लहान होऊन तिरपी वळे; तिच्या कोपऱ्यांवर पुन्हा तसेच दगड; असें करीत शेवटीं एका कमळाच्या शिळेनें तोंड बंद करीत. निलंग्यास किंवा औंढ्यास मंडपांत उभें राहून मान वर केली कीं तें कमळ दिसतें. पण तें शोभेसाठीं कोरलेलें आहे एवढेंच बहुतेक पाहणारे समजतात. वस्तुतः तो एका गणिताचा शेवटचा आंकडा आहे.

आणि सांधे! दगड दगडावर बसावा म्हणून दोन्हीकडचे पृष्ठभाग घासून असे सपाट करीत कीं मध्यें चुना घालण्यास जागाच राहूं नये. कोठें एकाला खांच आणि दुसऱ्याला तीत बसणारें कुसूं, कोठें वजनच असें तोललेलें कीं वरचा दगड खालच्यास हलूं देत नाहीं. चुना नाहीं हें या कामाचें कारण नव्हे, तें त्याचें फळ आहे.

हें येथें लिहिण्याचें एक कारण आहे. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंतचतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, चाराच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसें, कित्येकांच्या मतें त्याहूनही अधिक, झोंपेंतच घराखालीं गेलीं. त्यानंतरच्या दिवसांत आम्हीं मदतीच्या छावणींत शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकलें कीं, 'हेमाडपंतीला चुना नव्हता, आमच्या घरांनाही चुना नव्हता. मग देवळं शेकडों वर्षं उभीं आणि घरंच का पडलीं?' कोणी यांत देवाचा कोप पाही. उत्तर साधें आणि कठोर आहे. घरांच्या भिंती दोन दोन हात रुंद, पण अनघड गोट्यांच्या. आंत चिखल, वर मातीचें जड माळवद. आंतली फळी आणि बाहेरची फळी यांस एकत्र बांधणारा लांब दगड त्यांत नव्हता. जमीन हलतांच भिंत उभी फाटली आणि माळवद खालीं आलें. देवळाचा दगड घडीव होता आणि घराचा दगड अनघड होता. दोन्हींस 'बिनचुन्याचें' हें एकच विशेषण लावल्यानें दोन्ही एक होत नाहींत. नांवें ढिलीं वापरलीं म्हणजे कधींकधीं माणसें मरण्याचें कारणही कळेनासें होतें.

मग हेमाडपंताचेंच नांव या साऱ्यावर कां बसलें? लोककथेचें उत्तर मनोरंजक आहे. हेमाडपंत हा मोठा वैद्य. लंकेस जाऊन त्यानें बिभीषणास बरें केलें, आणि बक्षीस म्हणून राक्षस कारागीर मागून आणले. मोडी लिपिही त्यानें तिकडूनच आणली, आणि बाजरीही. यांतील वैद्यकीचा धागा खरा आहे. 'आयुर्वेदरसायना'ची आठवण लोकांनीं अशा रीतीनें जपून ठेविली. बाजरी हिंदुस्थानांत हेमाद्रीच्या जन्मापूर्वीं हजारों वर्षें पिकत होती. तरीही बाजरी, मोडी, पत्रें लिहिण्याचें मेस्तक आणि देवळें हें सारें एकाच माणसाच्या खातीं कां जमा झालें, हें समजून घेण्यासाठीं पुढें काय झालें तें पाहावें लागतें.

इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन देवगिरीवर आला. १३१८ पर्यंत यादवांचें राज्य उरलें नाहीं. त्यानंतर कित्येक पिढ्या या मुलखांत अशा तऱ्हेचें मोठें देऊळ उभें करणारा आश्रयदाता राहिला नाहीं. पाथरवटांच्या टोळ्या पांगल्या. कोणी किल्ल्यांच्या तटांवर लागले, कोणी मशिदी आणि दर्गे बांधूं लागले, कोणी नांगर धरला. शंभर-दीडशें वर्षांनीं ज्या लोकांनीं मागें वळून पाहिलें, त्यांस चालुक्य, शिलाहार, निकुंभ हीं नांवें ठाऊक नव्हतीं. त्यांस एवढेंच आठवत होतें कीं पूर्वीं आपलें राज्य होतें, आणि त्या राज्यांत हेमाडपंत नांवाचा फार हुशार कारभारी होता. जुन्या काळाच्या दाराशीं शेवटीं जो उभा होता त्याच्याच हातीं मागच्या साऱ्या घराच्या किल्ल्या लोकांनीं दिल्या. आम्हांस तरी या कीर्तीचा उगम असाच वाटतो. कदाचित् हेमाद्रीनें कांहीं देवळें बांधविलींही असतील, जीर्णोद्धार केले असतील. दानखंड लिहिणारा मंत्री स्वतः दान करणार नाहीं असें कोण म्हणेल? पण बांधविणारा निराळा आणि बांधणारा निराळा.

या म्हणण्यास आणखी एक साक्षीदार आहे, आणि तो हेमाद्रीच्या बाजूचा खासच नव्हे. श्रीचक्रधरस्वामी गोदावरीच्या दोन्ही तीरांवर हिंडत होते तो काळ म्हणजे महादेव आणि रामचंद्र यांच्याच राजवटीचा. ते राहत कोठें? बहुतेक देवळांच्या पटांगणांत, चौकांत, मठांत. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रां'त गांवोगांवचीं हीं देवळें येतात. पुढें महानुभावांनीं 'स्थानपोथी' रचली तींत तर कोणतें देऊळ पूर्वाभिमुख, कोणतें पश्चिमाभिमुख, आवारांत आणखी कोणतीं देवळें, याची नोंद पाटवाऱ्याच्या काळजीनें केलेली आहे. ही पोथी वाचतांना आम्हांस पहिल्यांदा जाणवलें कीं, यादवकाळच्या माणसासही हीं देवळें जुनींच वाटत असलीं पाहिजेत. तीं नुकतीं बांधलेलीं नवलाची वस्तु म्हणून तेथें येत नाहींत. विहिरीसारखीं, पिंपळासारखीं येतात.

दंतकथा तोंडीं होती तोंवर ती निरुपद्रवी होती. तिला सरकारी शिक्का बसला तो इंग्रजी अमदानींत. जिल्ह्याजिल्ह्यांचीं गॅझेटियरें लिहिणाऱ्या साहेबांस जुन्या देवळांसाठीं एक सोयीचा शब्द हवा होता. मामलेदारानें सांगितला, साहेबानें लिहिला. निजामाच्या मुलखांत बर्जेस यानें हिंडून १८७८ मध्यें बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांच्या प्राचीन अवशेषांवर अहवाल प्रसिद्ध केला. खरोशाचीं लेणीं त्यांतच येतात. पुढें हेन्री कझिन्स यानें दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर १९३१ मध्यें मोठा ग्रंथ काढला. हा मनुष्य डोळस होता. हेमाडपंती या शब्दाचा पोकळपणा त्याच्या लक्षांत आला होता. परंतु शब्द एकदां दफ्तरांत शिरला कीं तो खुद्द श्रीकरणाधिपालाही काढतां येत नाहीं! आज शाळेच्या पुस्तकांतून, सहलींच्या पत्रकांतून, वर्तमानपत्रांतून तोच चालू आहे.

आतां कोणी म्हणेल, असूं द्या. कोणाचें तरी नांव आहे, हें काय थोडें? आमचा तंटा येथेंच आहे. ज्यांचीं नांवें खरोखर उरलीं आहेत त्यांकडे पाहावें. पट्टदकलच्या विरूपाक्षाचें देऊळ आठव्या शतकांतलें. त्यावरील लेखांत स्थपतीचें नांव गुंड म्हणून स्पष्ट दिलेलें आहे, आणि राजानें त्यास दिलेल्या पदव्याही आहेत. वेरूळच्या कैलासाविषयीं तर, बडोद्यास सांपडलेल्या इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत, तें करणारा शिल्पी स्वतःच आश्चर्यचकित झाल्याचें वर्णन आहे. आपणच हें केलें कसें, हें त्यास उमगेना. त्याचें नांव त्या पत्रांत नाहीं. पण आमच्या मराठी परंपरेंत एक नांव आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरु'त वेरूळच्या देवळाची कथा येते. राणीनें शिखर पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाहीं असा नवस केलेला, आणि पायापासून बांधीत गेलें तर शिखरास वर्षें लागणार. तेव्हां पैठणचा कोकस नांवाचा शिल्पी पुढें आला आणि त्यानें डोंगर वरून खोदावयास आरंभ केला. पहिल्यांदा शिखरच दिसूं लागलें. कथा खरी असो वा नसो, तींत कैलासाचें खरें मर्म आहे. तें लेणें वरून खालीं खोदलेलें आहे हें शास्त्रज्ञही सांगतात. आणि डॉ. म. के. ढवळीकरांनीं दाखविलें आहे कीं, मध्य हिंदुस्थानांतल्या पुढील शतकांच्या लेखांत कोकसाच्या वंशांतले म्हणविणारे शिल्पी खरोखरच आढळतात. म्हणजे पैठणच्या एका पाथरवटाचें नांव त्याच्या धंद्यांतल्या लोकांनीं शतकानुशतकें कुलनाम म्हणून वागविलें. त्यांस दफ्तराच्या मुख्याचें नांव उसनें घ्यावें लागलें नाहीं. अगदीं अलीकडचें उदाहरण हवें तर लातूरच्या गंजगोलाईचें आहे. सोळा रस्ते ज्या वर्तुळास येऊन मिळतात त्याचा आराखडा निजामी राजवटींतील फैयाजुद्दीन या नगररचनाकारानें केला, हें तेथला पेढीवरचा मुनीमही सांगतो. तो कांहीं त्या काळच्या दिवाणाचें नांव घेत नाहीं.

हेमाडपंत या एका शब्दानें तीन गोष्टी आमच्या हातून जातात. देवळाचा काळ जातो. कारण 'हेमाडपंती' म्हटलें कीं तेराव्या शतकाच्या मागें पाहण्याची कोणास गरज वाटत नाहीं. त्याचा वंश जातो. कल्याणी, माळवा, कर्नाटक यांच्याशीं आमचें जें रक्ताचें नातें दगडांत लिहिलेलें आहे तें दिसेनासें होतें. आणि तिसरें, कदाचित् सर्वांत वाईट, म्हणजे देऊळ सामान्य होऊन बसतें. 'आमच्याकडे एक हेमाडपंती आहे' असें लोक ज्या सुरांत सांगतात त्याच सुरांत 'एक बारव आहे' असें सांगतात. जी वस्तु सगळीकडे आहे ती राखण्याची घाई कोणास असणार? आम्हीं अलीकडच्या वर्षांत जीं देवळें पाहिलीं त्यांतील कित्येकांच्या खांबांस तैलरंग फासलेला आहे, गाभाऱ्यांत स्नानगृहाच्या फरशा बसविल्या आहेत, आणि ज्या सांध्यांत सातशें-आठशें वर्षें चुन्यास जागा मिळाली नाहीं तेथें भक्तांनीं वर्गणी काढून सिमेंट भरलें आहे. त्यांची भक्ति खोटी नाहीं. त्यांस कोणीं सांगितलेंच नाहीं कीं त्यांच्या गांवचें हें देऊळ शेजारच्या गांवच्या देवळासारखें नाहीं. होट्टलच्या सिद्धेश्वराचे मोडलेले भाग पुरातत्त्व खात्यानें उतरवून पुन्हा जागच्या जागीं बसविले, आणि आतां तेथें महोत्सवही भरतो. गांवकऱ्यांच्या बोलण्यांतही फरक पडल्याचें आम्हांस दिसलें. मागच्या भेटींत तेथील एका पोरानें आम्हांस अडवून 'हे चालुक्यांचं आहे, हेमाडपंताचं नाही' असें ठणकावून सांगितलें, आणि आम्हीं तें निमूटपणें ऐकून घेतलें.

गेल्या हिवाळ्यांत निलंगा तालुक्यांतील एका लहान गांवीं आम्ही विद्यार्थ्यांस घेऊन गेलों होतों. देऊळ अर्धें पडलेलें, नोंद कोठें नाहीं. मुलांस आम्हीं एक तक्ता भरावयास दिला होता: गांव, दिशा, गाभारे किती, खांब किती, काळ, कर्ता. बहुतेकांनीं 'कर्ता' या रकान्यांत संवयीनें हेमाडपंत लिहिलें आणि आमच्या चेहऱ्याकडे पाहून खोडलें. वडार समाजांतील एक मुलगा, ज्याचे वाडवडील दगड फोडण्याचेंच काम करीत आले, तो रकाना रिकामा ठेवून मंडपामागें पडलेल्या एका अर्धवट घडलेल्या शिळेपाशीं बसला होता. तिच्या एका अंगावर टांकीचे घाव जसेच्या तसे राहिले होते. पुढचा हात फिरण्यापूर्वींच ती कशीबशी टाकून दिलेली असावी. तो त्या घावांवरून बोट फिरवीत होता. आम्ही जवळ गेलों तेव्हां म्हणाला, "सर, हा दगड घडवणारा डावखुरा होता. घाव बघा ना, उलट्या अंगानं तिरके गेलेत. आमचा चुलता असाच मारतो."

आम्हीं वांकून पाहिलें. घाव खरोखरच उलट्या अंगाचे होते. शेजारच्या दुसऱ्या शिळेवरचे तसे नव्हते. त्या देवळावर कोठेंही लेख नाहीं, ताम्रपट नाहीं, बांधविणाऱ्या राजाचें नांव नाहीं. मुलानें 'कर्ता' या रकान्यांत लिहिलें: 'दोघे तरी. त्यांतला एक डावखुरा.' आणि तक्ता आमच्या हातीं दिला.